सुकाणूवरचा चित्रकार

गेल्या सेमिस्टरला माझ्या सेमिनारचा विषय होता शिडाच्या होडीचं एरोडायनॅमिक्स. वाऱ्याच्या तिरक्या दिशेने होडी पुढे कशी जाते, शीड म्हणजे विमानाचा उभा धरलेला पंख कसा, वगैरे वगैरे. विषय गाईड सरांनीच दिलेला, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. रात्री दीड वाजता, मेसमधून आणलेला थंडगार पुलाव शेजारी ठेवून, मी पहिल्या स्लाइडसाठी एक छानसं चित्र शोधत होते. एक मिळालं. निळीशार नदी, पाण्यावर पांढऱ्या शिडांच्या होड्या, आणि सगळ्यात पुढच्या होडीत सुकाणू धरून बसलेला एक टोपीवाला माणूस. खाली माहिती होती. चित्राचं नाव 'आर्झांतेईच्या शर्यती', साल १८९३. चित्रकार गुस्ताव्ह कायबॉत. पुढच्या होडीचं नाव 'रोस्टबीफ', तिचं डिझाइन गुस्ताव्ह कायबॉतचं. आणि सुकाणूवरचा माणूस? तोही गुस्ताव्ह कायबॉतच असावा, असं जाणकार मानतात.

मला वाटलं, कुणीतरी कॉपी-पेस्ट करताना घोळ घातलाय. आपल्या जर्नलमध्ये होतो तसा! एकच माणूस होडी डिझाइन करतो, स्वतःच ती शर्यतीत हाकतो आणि वर स्वतःच तिचं चित्र काढतो?

घोळ नव्हता. मग मात्र सेमिनार बाजूला राहिला आणि मी रात्रभर ह्या माणसाबद्दल वाचत बसले.

मी इंग्लिश मीडियमची. म्हणी मला फारशा येत नाहीत. पण एक म्हण तोंडपाठ आहे, कारण घरी ती लहानपणापासून खास माझ्यासाठी राखून ठेवलेली आहे. एक ना धड, भाराभर चिंध्या! नाटक झालं की ट्रेकिंग, ट्रेकिंग झालं की कॅमेरा, आणि मधेच कधीतरी अभ्यास. हॉस्टेलमध्ये माझ्यासारखे बरेच आहेत, त्यामुळे मी एकटी नाही एवढं समाधान. पण ह्या कायबॉतचं आयुष्य वाचताना पहिल्यांदा वाटलं, की ह्या म्हणीला कुणीतरी उलटून विचारायला हवं. म्हणून हा लेख.

गुस्ताव्हचा जन्म १९ ऑगस्ट १८४८ रोजी पॅरिसमध्ये झाला. (त्याच्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये दोन एल, दोन टी आणि शेवटी एक ई आहे. त्यातलं निम्मं फ्रेंच लोक उच्चारतच नाहीत.) वडील मार्सियाल कायबॉत म्हणजे बडं प्रस्थ. सैन्याला पलंग आणि पांघरुणं पुरवण्याचा घरचा धंदा, शिवाय ते व्यापारी कोर्टात न्यायाधीश. दोन बायका वारल्यावर त्यांनी तिसरं लग्न केलं. त्या लग्नातला गुस्ताव्ह हा थोरला. त्याच्या पाठचा रने, आणि शेंडेफळ म्हणजे वडिलांचंच नाव मिळालेला मार्सियाल.

१८६० साली वडिलांनी पॅरिसच्या दक्षिणेला येर ह्या गावी मोठी बाग असलेलं घर घेतलं. बागेच्या कडेने त्याच नावाची छोटी नदी वाहायची. भावंडांचे उन्हाळे तिथेच गेले. पोहणं, मासे धरणं, अरुंद होड्या वल्हवणं. पाण्याची गोडी गुस्ताव्हला लागली ती इथे. पुढे १८७७-७८ च्या सुमारास त्याने ह्याच नदीवरच्या वल्हेकऱ्यांची चित्रं काढली. त्यातल्या एकात, डोक्यावर शहरी उंच हॅट घातलेला एक पाहुणा कोट काढून वल्ही मारतोय, आणि आपण जणू त्याच्याच होडीत त्याच्या समोर बसलोय. हे चित्र लक्षात ठेवा, त्याची गंमत शेवटी आहे.

शिक्षण मात्र घरंदाज मुलांसारखंच. १८६८ मध्ये कायद्याची पदवी, १८७० मध्ये वकिलीची सनद. त्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, आणि वकीलसाहेब कोर्टाऐवजी पॅरिसच्या राखीव पलटणीत गेले. युद्धातून परतल्यावर त्याने वकिली केलीच नाही. लेऑं बॉना ह्या नावाजलेल्या चित्रकाराच्या स्टुडिओत जाऊ लागला आणि १८७३ मध्ये सरकारी कलाशाळेत दाखल झाला. घरातून किती विरोध झाला असेल कोण जाणे. पण १८७४ च्या नाताळातच वडील गेले, आणि २६ वर्षांच्या गुस्ताव्हला पोटासाठी काहीही करायची गरज उरली नाही.

इथे तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, हां, म्हणजे बापाच्या पैशावर मजा! मीही तेच म्हटलं होतं. पुढे वाचा.

१८७५ मध्ये त्याने एक चित्र सरकारी प्रदर्शनाला पाठवलं. पॅरिसच्या एका घरात तीन कामगार, कमरेवर उघडे, गुडघ्यावर बसून लाकडी जमीन तासताहेत. लाकडाच्या कुरळ्या ढलप्या इकडेतिकडे पडल्यात आणि खिडकीतून आलेला उजेड जमिनीवर चकाकतोय. परीक्षकांनी ते नाकारलं. घाम गाळणारा मजूर हा त्यांच्या लेखी भिंतीवर लावायचा विषय नव्हता. नाराज होऊन त्याने दुसरा दरवाजा ठोठावला. सरकारी प्रदर्शनाला वैतागून स्वतःचं वेगळं प्रदर्शन भरवणारी एक टोळी तेव्हा पॅरिसमध्ये होती. मोने, रेन्वा, देगा, पिसारो ही त्यातली मंडळी. आज ज्यांना आपण इम्प्रेशनिस्ट म्हणतो तेच हे. १८७६ च्या त्यांच्या दुसऱ्या प्रदर्शनात कायबॉतची चित्रं लागली, तासकाम करणारे कामगारही.

ह्या टोळीत कलेची कमतरता नव्हती, पैशाची होती. मोनेला घरभाडं द्यायची मारामार. कायबॉतने काय केलं? त्याने मित्रांची चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली, तीसुद्धा अशी चित्रं, जी कुणी घेत नव्हतं. सेंट लाझार स्टेशनची प्रसिद्ध चित्रं मोनेने ज्या स्टुडिओच्या आधाराने काढली, त्याचं भाडं कायबॉतने भरलं. १८७७ चं तिसरं प्रदर्शन तर जवळजवळ त्याच्याच धडपडीने उभं राहिलं. आपल्याकडे गॅदरिंगला एक जण असतो ना, जो स्पॉन्सर आणतो, स्टेज लावतो, भांडणं मिटवतो, आणि शेवटी ग्रुप फोटोत नसतो? तसा.

पण त्याच प्रदर्शनात त्याचं स्वतःचं एक भलंमोठं चित्र होतं. पावसातला पॅरिसचा चौक, ओले दगड, छत्र्या घेतलेली माणसं. उंची दोन मीटरहून जास्त, रुंदी पावणेतीन मीटर. त्याच्या तयारीसाठी कायबॉतने पट्टी लावून परस्पेक्टिव्हची रेखाटनं केली होती. इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या शीटवर रडलेल्या प्रत्येकाने ती एकदा बघावीत.

ह्या सगळ्याच्या मधे एक घाव बसला. नोव्हेंबर १८७६ मध्ये मधला भाऊ रने अचानक वारला. वय फक्त २५. त्याच वर्षी गुस्ताव्हने त्याचं चित्र काढलं होतं. खिशात हात घालून, आपल्याकडे पाठ करून, खिडकीतून रस्त्याकडे बघणारा तरुण. भाऊ गेल्यावर काही दिवसांतच गुस्ताव्हने मृत्युपत्र लिहिलं. वय वर्षं २८! आपण ह्या वयात रेझ्युमे लिहू, ह्याने मृत्युपत्र लिहिलं. आपणही लवकर जाणार असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्यात त्याने मित्रांची जमवलेली चित्रं देशाला दिली, पण अट घालून. ती माळ्यावर टाकायची नाहीत, लहान गावच्या संग्रहालयात लपवायची नाहीत. आधी पॅरिसच्या लक्झेंबर्ग संग्रहालयात आणि पुढे लूव्रमध्ये लावायची. जी चित्रं तेव्हा लोक हसण्यावारी नेत होते, ती लूव्रमध्ये! आणि स्वतःच्या चित्रांबद्दल? एक शब्द नाही.

आता येते सीन नदी.

पॅरिसमधून सेंट लाझार स्टेशनला गाडी पकडली की थोड्याच वेळात आर्झांतेई यायचं. तिथे सीन सुमारे २०० मीटर रुंद होते आणि बराच अंतर सरळ वाहते. पॅरिसच्या आसपास शिडाच्या होडीला इतकी चांगली जागा दुसरी नव्हती. त्यामुळे सेर्क्ल द ला व्हॉयल द पारी, म्हणजे पॅरिसच्या शीडवाल्यांचा क्लब, तिथेच वसला होता. १८७६ मध्येच कायबॉत ह्या क्लबचा सभासद झाला. म्हणजे पहिलं प्रदर्शन, भावाचं जाणं, मृत्युपत्र आणि क्लब, सगळं एकाच वर्षात.

नदीवरची शर्यत ही समुद्रावरच्या शर्यतीपेक्षा वेगळी भानगड असते. सेमिनारच्या कृपेने एवढं मी ठामपणे सांगू शकते. समजा वारा नेमका तुम्हाला जायचंय तिकडून येतोय. शिडाची होडी सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, तिला नागमोडी जावं लागतं. समुद्रावर एका तिरक्या रेषेत मैलभर जाता येतं. इथे २०० मीटरची नदी! पळतोय म्हणेपर्यंत काठ येतो, वळा. पुन्हा काठ, पुन्हा वळा. प्रत्येक वळणाला शीड फडफडतं आणि वेग मरतो. त्यात प्रवाह उलटा असेल तर तो मधोमध जोरात असतो आणि काठाला मंद. म्हणून सगळे काठाला चिकटतात. पण काठावर झाडं आणि घरं असतात, ती वारा अडवतात. म्हणजे मधे वारा आहे पण प्रवाह उलटा, काठाला प्रवाह नाही पण वाराही नाही. दर मिनिटाला हाच हिशोब. आणि संध्याकाळ झाली, की बऱ्याचदा वाराच पडतो. शीड लोंबकळतं, होडी उभी राहते, आणि शेवटच्या खुणेपर्यंतचे शंभर मीटर संपता संपत नाहीत. अशा वेळी ज्याचं शीड हलकं तो जिंकतो. कायबॉत रेशमी शिडं वापरायचा ती काही थाट म्हणून नाही. कॅनव्हास जिथे स्वतःच्या वजनानेच लोंबतो, तिथे रेशीम जरा कुठे वारा हलला की फुगतं.

ह्या शर्यतींत तो नुसता हौशी राहिला नाही. १८८० मध्ये क्लबचा उपाध्यक्ष झाला. १८८१ मध्ये त्याने आणि मार्सियालने आर्झांतेईच्या समोरच्या काठावर, पती जेनव्हिलिए इथे, जागा घेतली आणि घर बांधलं. फ्रान्समधल्या उत्तम शर्यतबाजांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. पण जिंकूनही त्याचं समाधान होईना, कारण होड्या दुसऱ्यांनी काढलेल्या होत्या. मग तो स्वतः होड्यांची ड्रॉइंग काढायला बसला. कायद्याचा पदवीधर! पुढच्या दहाएक वर्षांत त्याने वीसहून जास्त होड्यांचे आराखडे केले. घराशेजारच्या ल्यूस ह्या होडी-कारखान्यामागे त्याचाच पैसा होता आणि त्याच्या होड्या तिथे बांधल्या जायच्या. सकाळी ड्रॉइंग बोर्ड, दुपारी कारखान्यात फळ्या बघणं, रविवारी पाण्यावर परीक्षा. प्रोजेक्टचं डिझाइन, मॅन्युफॅक्चरिंग आणि टेस्टिंग, सगळं एकाच ग्रुप मेंबरने करण्यासारखं!

इथे थोडं तांत्रिक सांगते, कारण त्याशिवाय त्याचं डोकं कळणार नाही. शर्यतीत वेगवेगळ्या होड्यांची बरोबरी करायची तर काहीतरी मोजावं लागतं. पूर्वी मुख्यतः लांबी मोजायचे. मग लोकांनी पळवाट काढली. होडी आखूड ठेवायची, पण रुंद आणि उथळ करायची, आणि तिच्यावर अवाढव्य शीड चढवायचं. आर्झांतेईच्या अशा होड्या प्रसिद्ध होत्या. हलक्या वाऱ्यात सुसाट, पण जोराचा झोत आला की गडगडल्याच! नियम जसा, तशी होडी. परीक्षेचा पॅटर्न जसा, तसा आपला अभ्यास, अगदी तसंच. मग क्लबात ३० चौरस मीटर शिडाचा वर्ग आला. म्हणजे शीड सगळ्यांना सारखंच, आता त्याखाली काय बांधायचं ते बांधा. इंजिनाची ताकद ठरवून देऊन बाकी गाडी मोकळी सोडण्यासारखं झालं हे. आता अवाढव्य शिडाची चलाखी संपली. पाणी कमीत कमी अडवेल अशी लांब, सडपातळ, हलकी होडी ज्याला जमेल तो पुढे. ह्या वर्गासाठी कायबॉतने १८९२ मध्ये काढलेली होडी म्हणजेच ती 'रोस्टबीफ'. फ्रेंच होडीला इंग्रजांच्या रविवारच्या जेवणाचं नाव देणारा माणूस गंमत्या असला पाहिजे, एवढं नक्की.

आणि इथेच मला त्या कामगारांच्या चित्राची आठवण झाली. जमिनीच्या फळ्या तासणारे ते तिघं. होडी बांधणारे सुतार दुसरं काय करतात? फळी तासायची, ढलपी काढायची, हात फिरवून बघायचं. पावसातल्या चौकासाठी पट्टी लावून रेषा मारणारा आणि होडीच्या पोटाची वक्र रेषा काढणारा हातही एकच. आपण बाहेरून बघतो तेव्हा चित्रं वेगळी, होड्या वेगळ्या वाटतात. त्याला त्या तशा वाटत नसाव्यात, असं मला वाटतं.

बाकीच्या चिंध्याही कमी नव्हत्या. तो आणि मार्सियाल पोस्टाची तिकिटं जमवायचे. जमवायचे म्हणजे आपण वहीत चिकटवतो तशी नाही, बारकाव्यांनिशी अभ्यास करून. १८८७ च्या सुमारास तो संग्रह टॅपलिंग नावाच्या इंग्रज संग्राहकाने घेतला, आणि टॅपलिंगच्या संग्रहासोबत तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच वर्षी मार्सियालचं लग्न झालं. गुस्ताव्ह पती जेनव्हिलिएलाच कायमचा राहू लागला आणि १८८८ मध्ये तिथला नगरसेवक झाला. काचघरात ऑर्किड लावली, बागेत फुलं. बागेच्या वेडात त्याचा जोडीदार मोने. घरात शार्लोत बेर्तिए नावाची मैत्रीण होती, त्याच्याहून ११ वर्षांनी लहान आणि साध्या घरातली. लग्न त्यांनी केलं नाही, पण मृत्युपत्रात तिच्यासाठी वर्षासन आणि पुढे घरही लिहून ठेवलं. रेन्वाच्या मुलाचा तो धर्मपिता होता. नदीकाठी जेवणाऱ्या मित्रमंडळींचं रेन्वाचं ते प्रसिद्ध चित्र आहे ना, त्यात उजवीकडे पुढे, खुर्चीवर उलटा बसलेला, गवती हॅटवाला तरुण म्हणजे आपला कायबॉत.

आता अवघड भाग. चित्रांचं काय झालं? इम्प्रेशनिस्टांमध्ये भांडणं वाढली. देगाशी त्याचं पटेना. १८८२ च्या प्रदर्शनानंतर त्याने त्यांच्यासोबत चित्रं लावणं थांबवलं. चित्रं काढायचं सोडलं नाही, पण होड्या आणि बाग ह्यांनी वेळ खाल्ला. लोक त्याला चित्रकार म्हणून विसरत चालले. श्रीमंत मित्र, फावल्या वेळात रंगकाम करणारा, एवढीच ओळख उरली. त्याने फक्त चित्रंच काढली असती तर तो मोनेच्या तोडीचा झाला असता का? हा प्रश्न मी बराच वेळ उगाळला. उत्तर मिळालं नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. चित्रांच्या जगात तो कायम दुसऱ्यांना पुढे करत राहिला. स्वतःचं नाव घेऊन, जिंकण्यासाठी म्हणून तो उतरला ते फक्त नदीवर. तिथे कुणी परीक्षक नव्हते, आवडनिवड नव्हती. होडी पुढे गेली की गेली. ज्याला तरुणपणी परीक्षकांनी नाकारलं, त्याला हे किती मोकळं वाटत असेल!

पण नदीही तशी राहिली नाही. पॅरिसच्या गटारांचं पाणी आर्झांतेईच्या वरच्या अंगाला सोडलं जात होतं, आणि काठावर कारखाने वाढत होते. (आपल्या नद्यांच्या काठावर राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.) १८९३ मध्ये क्लबने शर्यतींचा मुक्काम खाली मलां इथे हलवला. 'आर्झांतेईच्या शर्यती' हे चित्र त्याच वर्षाचं. मला ते आता नुसतं आनंदी चित्र वाटत नाही. संपत आलेल्या एका काळाचा निरोपही वाटतो.

पुढच्याच वर्षी, २१ फेब्रुवारी १८९४ रोजी, तो गेला. बागेत काम करताना आजारी पडला, फुप्फुसाचा विकार उलटला. वय ४५. त्याचा अंदाज दुर्दैवाने खरा ठरला. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्याला पुरलं.

मग मृत्युपत्र उघडलं, आणि गोंधळ उडाला. सत्तरच्या आसपास चित्रं! मोने, रेन्वा, देगा, पिसारो, सिस्ले, सेझान, माने. फुकट मिळत असूनही सरकारला नको होती. जेरोमसारख्या बुजुर्ग चित्रकारांनी जाहीर विरोध केला. रेन्वा आणि मार्सियाल दोन वर्षं सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. शेवटी १८९६ मध्ये सरकारने चाळीसच्या आसपास चित्रं घेतली आणि १८९७ मध्ये लक्झेंबर्गमध्ये लावली. उरलेली पुढे पुन्हा देऊ केली, तेव्हाही नको म्हटलं. १९२८ मध्ये सरकारला जाग आली, तेव्हा वारसांनी नकार दिला. बरोबरच आहे! जी घेतली गेली, ती आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयाचं वैभव आहेत. रेन्वाचा तो उन्हातला नाच, मोनेचं वाफेने भरलेलं स्टेशन, सगळं त्यातलंच. त्यांच्यासोबत तासकाम करणारे कामगारही तिथे आहेत, कारण रेन्वा आणि मार्सियाल ह्यांनी आठवणीने ते सरकारला दिलं. मित्राने मित्रासाठी केलेलं हे शेवटचं काम.

कायबॉत स्वतः मात्र पुढची सत्तर वर्षं तळटीपेतच राहिला. १९६४ मध्ये शिकागोच्या संग्रहालयाने तो पावसातला चौक विकत घेतला, आणि लोक विचारू लागले, हा कोण? १९९४ मध्ये, मृत्यूच्या शंभराव्या वर्षी, पॅरिसमध्ये मोठं प्रदर्शन भरलं. २०२१ मध्ये खिडकीतल्या रनेचं चित्र अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने ५ कोटी ३० लाख डॉलरला घेतलं. आणि तो उंच हॅटवाला वल्हेकरी? २०२३ मध्ये ऑर्सेने तो मिळवला, किंमत ४ कोटी ३० लाख युरो. ज्या देशाने त्याने दिलेली फुकट चित्रं घेताना नाकं मुरडली, त्याच देशाने त्याचं एक चित्र देशाबाहेर जाऊ नये म्हणून एवढी रक्कम उभी केली!

शर्यतींचं म्हणाल तर, १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या नदीवरच्या शिडाच्या शर्यती त्याच्याच क्लबने मलांला घेतल्या. पहिल्याच दिवशी वारा पडला आणि कित्येक होड्या वेळेत पोचल्याच नाहीत. कायबॉत असता तर हसला असता आणि रेशमी शीड चढवलं असतं. पती जेनव्हिलिएचं घर दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यात गेलं. ती बाग, तो काठ, आता काही नाही. तिथे विमानांच्या इंजिनांचा कारखाना झाला. आपल्यासारख्यांना तिथे नोकरी मिळाली तर फाटकापाशी एकदा थांबून नदीकडे बघावं.

माझा सेमिनार बरा झाला. पहिल्या स्लाइडवर ते चित्र ठेवलं आणि चित्रकार, डिझायनर, सुकाणूवाला, तिन्ही नावं खाली लिहिली. गाईड सरांनी विचारलं, नाव तीनदा का लिहिलंय, चूक आहे का? मी सांगितलं, नाही सर. मग त्यांना थोडक्यात हीच गोष्ट सांगितली. सर हसले आणि म्हणाले, आता जरा लिफ्ट आणि ड्रॅगकडे वळूया. वळले.

मी कायबॉत नाही, हे मला माहीत आहे. माझ्याकडे ना त्याचा पैसा, ना त्याचा हात. आणि अर्धवट सोडलेल्या दहा गोष्टींना छंद म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक, हेही त्याच्याकडूनच कळलं. कारण त्याने कुठलीच गोष्ट अर्धवट सोडली नाही. तिकिटं जमवली तर ब्रिटिश लायब्ररीपर्यंत, होडी काढली तर शेवटच्या फळीपर्यंत, मित्र केले तर मेल्यानंतरही. म्हण चुकीची नाही, अपुरी आहे. चिंध्या नुसत्या पडून राहिल्या तर भारच. पण एकेक नीट धुऊन, कापून, बारीक टाक्यांनी शिवली, तर आजी त्यालाच गोधडी म्हणते. कायबॉतची गोधडी इतकी मोठी होती, की तिच्या उबेला अख्खी इम्प्रेशनिस्ट टोळी झोपली. तो स्वतः मात्र कडेला राहिला, सुकाणूवर हात ठेवून, वारा कुठून येतोय ते बघत.